वाया गेलेल्या चार मतांबद्दल

चि. मनू,

सोळा तारखेला महापालिकेचा निकाल लागला त्या रात्री फोनवर म्हणालीस, "आई, माझी चारही मतं वाया गेली. पुण्याहून उगाच आले." तेव्हा तू रडवेली झाली होतीस, म्हणून मी काही बोलले नाही. पण ते वाक्य डोक्यातून जात नाही.

ठाण्यात महापालिकेची निवडणूक २०१७ नंतर थेट १५ जानेवारी २०२६ला झाली. तुझं पहिलंच मतदान, आणि प्रभागातल्या चार जागांसाठी एकदम चार मतं: अ, ब, क, ड. आजी पहिलं बटण दाबून निघालीच होती. केंद्रावरच्या बाईंनी "आजी, अजून तीन राहिलीत" म्हणून परत वळवलं. तू मात्र एकेक नाव वाचून, पक्षापेक्षा माणूस बघून मत दिलंस. चौघेही पडले. वाईट वाटणारच.

तुझ्या म्हणण्यात तथ्य आहे. आपल्याकडे सगळ्यांत जास्त मतं मिळतील तो निवडून येतो, निम्म्याहून जास्त लागत नाहीत. पाच जण रिंगणात असले तर तीस टक्क्यांवरही गुलाल उधळला जातो. २०१४ला भाजपला देशभरात ३१ टक्के मतं आणि ५४३पैकी २८२ जागा मिळाल्या. १९८४ला काँग्रेसला निम्म्याच्या आसपास मतांवर ४००हून जास्त. मतांच्या प्रमाणात जागा द्याव्यात, अशी मागणी संविधान सभेतही झाली होती. बाबासाहेबांनी जानेवारी १९४९मध्ये तिला विरोध केला. त्या पद्धतीला लोक मोठ्या प्रमाणावर साक्षर असावे लागतात, आणि सभागृहाचे इतके तुकडे होतात की सरकार टिकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. साक्षरतेचा मुद्दा आज उरलेला नाही असं मला वाटतं. दुसरा अजून पटतो.

वेगळी पद्धत मी स्वतः वापरली आहे. जून २०२४मध्ये विधान परिषदेच्या कोकण पदवीधर मतदारसंघात मत दिलं तेव्हा यंत्र नव्हतं, कागद होता. हातात जांभळा स्केचपेन दिला. नावांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहायचा, टिकमार्क केली तर मत बाद. पहिला आकडा लगेच लिहिला. दुसरा लिहिताना मात्र मी पेन धरून उभीच राहिले. आपला माणूस पडला तर मग कोण चालेल, हे मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. त्या खेपेला पहिल्या पसंतीतच निकाल लागला, माझा दोनचा आकडा मोजायची वेळच आली नाही. तरी तो लिहिताना मला दुसऱ्या बाजूच्या माणसाचा विचार करावा लागला, एवढं खरं.

आता मुख्य गोष्ट. आपल्या बिल्डिंगचं काय करायचं यावर गेल्या महिन्यात सभा झाली. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस सभासद हजर. अकरा जण बिल्डरकडून पुनर्विकासाच्या बाजूचे, त्यात मी. तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि आजीचे गुडघे, तुला माहीतच आहे. नऊ जणांना मोठी दुरुस्ती हवी होती. आठ जणांना स्वयंपुनर्विकास, म्हणजे बिल्डरशिवाय सोसायटीनेच इमारत नव्याने बांधायची. चेअरमननी आधी विचारलं, दुरुस्ती की स्वयंपुनर्विकास? आम्ही बिल्डरवाल्यांनी स्वयंला हात वर केले, एकोणीस विरुद्ध नऊ. मग विचारलं, स्वयं की बिल्डर? दुरुस्तीवाले म्हणाले, निदान डोक्याला ताप नको, आणि बिल्डरला गेले. वीस विरुद्ध आठ. ठराव मंजूर. मी घरी येऊन शिरा केला.

नंतर जिन्यात एकेकाशी बोलताना लक्षात आलं की स्वयंवाल्या आठही जणांना बिल्डरपेक्षा दुरुस्ती बरी वाटते. रात्री वहीत मांडून बघितलं. बिल्डर की दुरुस्ती, असं सरळ विचारलं असतं तर दुरुस्ती सतरा-अकराने जिंकली असती. आणि तो प्रश्न आधी घेऊन मग दुरुस्तीची गाठ स्वयंशी घातली असती तर शेवटी स्वयंपुनर्विकास जिंकला असता. 'स्वयं की बिल्डर' आधी विचारलं असतं तर शेवटी दुरुस्ती. तीन क्रम, तीन वेगळे निकाल. माणसं तीच, मतंही तीच. काँदोर्से नावाच्या फ्रेंच विचारवंताने हा पेच १७८५मध्येच मांडून ठेवला होता. चेअरमनच्या मनात काही वाकडं नव्हतं, त्यांनी सुचेल त्या क्रमाने विचारलं. जिंकले होते मी, आणि झोप मलाच लागेना.

म्हणून म्हणते, त्या चौघांना लोकांनी नाकारलं असं धरून बसू नकोस. लोकांना काय विचारलं गेलं, तेवढंच निकालातून कळतं. तिकीट कुणाला, युती कुणाशी, कुणी माघार घ्यायची, हे पक्षांत ठरतं, आणि बटणापाशी पोचेपर्यंत यादी छाटलेली असते. ती छाटतात तिथे आपण कधी फिरकत नाही. मला गेल्या वर्षी सोसायटीच्या कमिटीत ये म्हणाले होते, मी ऑफिसचं कारण सांगून टाळलं. विषयपत्रिका ठरताना मी तिथे असते तर क्रमाचा हा प्रश्न तिथेच निघाला असता. ही चूक माझी.

काल मी सेक्रेटरींना पत्र दिलं की टेंडर काढण्याआधी 'बिल्डर की दुरुस्ती' हा प्रश्न सभेत सरळ विचारा. विचारला तर माझी बाजू पडणार, हे वहीत दिसतंय. तुझ्या बाबांना पटलेलं नाही. आजीला पत्र वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "दे."

सभा येत्या रविवारी दहाला, खाली पार्किंगमध्ये. आजीला स्वतः ऐकायचंय, तेव्हा तिला तीन मजले हळूहळू उतरवायला दोघी लागू. शनिवारी रात्रीच ये.

तुझी,
आई