मधली सरळ रेघ

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतल्या चिपविषयीच्या लेखात रिड्रायव्हर ही चिप सिग्नल 'नव्याने घडवतो' असे म्हटले आहे. ते काम रिटायमर या दुसऱ्या चिपचे. तो बिट वाचून आपल्या क्लॉकवर, म्हणजे स्वतःच्या ठोक्यावर, पुन्हा पाठवतो. रिड्रायव्हर बिचारा वाटेत दबलेल्या वरच्या फ्रीक्वेन्सी उचलून धरतो, आणि सोबत आलेला नॉइजही तेवढ्याच आपुलकीने मोठा करतो. पण पत्र लिहायला बसले ते आकृती पाहून. दोन रिड्रायव्हर एकापाठोपाठ आणि मध्ये सरळ रेघ, डीसी अडवून सिग्नल पुढे सोडणारा कपॅसिटर नाहीच! ती रेघ मीही एकदा मारली आहे.

भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत मी बोर्ड डिझाइन करत होते. कॅमेऱ्याचा डेटा साठवणारे यंत्र होते, प्रोसेसर आणि कार्ड यांना जोडणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेसची तिसरी पिढी, चार लेन म्हणजे डेटाच्या चार समांतर वाटा. ट्रेस, म्हणजे बोर्डवरच्या तांब्याच्या वाटा, लांब, वाटेत दोन कनेक्टर, म्हणून दोन रिड्रायव्हर. कपॅसिटर प्रोसेसरपाशी आहेतच, मध्ये परत कशाला, असा माझा हिशेब. चार लेन, दोन दिशा, जोडीतल्या दोन तारा. सोळा कपॅसिटर वाचवल्याचा आनंद मोठा होता.

पाच बोर्ड आले. दोन चालले, तेही सकाळी कार्ड सापडायचे आणि दुपारी गायब. आठवडाभर मी पॉवर सप्लायवर संशय घेत राहिले.

खरी गोष्ट अशी की चिपच्या आउटपुटला आणि पुढच्या चिपच्या इनपुटला आपापले डीसी व्होल्टेज असते. थेट जोडले की ती एकमेकांना ओढतात. शिवाय समोर कोणी आहे का हे ट्रान्समीटर चाचपून बघतो. तारेवर व्होल्टेजची छोटी पायरी देतो आणि ते किती वेगाने चढते ते पाहतो. समोर रिसीव्हर असेल तर कपॅसिटर त्याच्यातून भरतो. दोन्ही टोकांचे मिळून १०० ओहम आणि २२० नॅनोफॅरड, म्हणजे २२ मायक्रोसेकंदांचा टाइम कॉन्स्टंट (व्होल्टेज किती सावकाश चढते त्याचे माप). समोर कोणी नसेल तर व्होल्टेज झटकन चढते. मध्ये कपॅसिटरच नसेल तर बिचाऱ्याने ओळखायचे कशावरून? म्हणून प्रत्येक रिड्रायव्हरनंतरचा तुकडा ही वेगळी लिंक समजायची आणि तिला तिचा कपॅसिटर द्यायचा. डेटाशीटमध्ये थेट जोडणीला स्पष्ट परवानगी असेल तर गोष्ट वेगळी.

मग मायक्रोस्कोपखाली ट्रेस कापून ०४०२ या बारीक आकाराचे कपॅसिटर बसवले. पहिल्या बोर्डवर ट्रेनी मुलाने साटाच्या (हार्ड डिस्कच्या जोडणीच्या) डब्यातले १० नॅनोफॅरडचे लावले. टाइम कॉन्स्टंट एक मायक्रोसेकंद, कार्ड पुन्हा गायब! त्याच्यावर ओरडले, पण डब्यावर चिठ्ठी माझ्याच हाताने लिहायची राहिली होती. दुसऱ्या बोर्डवर त्याने काळजीपोटी एकाच तुकड्यात दोन्ही टोकांना २२० चे लावले. सिरीजमध्ये ते ११० होतात, आणि या पिढीला १७६ ते २६५ नॅनोफॅरड लागतात. शेवटी एका तारेला एकच, २२० चा, असे प्रत्येक बोर्डवर सोळा लावले. पाचही बोर्ड चालले.

आकृती पुन्हा छापणार असाल तर मधली रेघ तोडून कपॅसिटरच्या दोन छोट्या रेघा तेवढ्या घाला. जोडीतल्या दोन्ही तारांवर, समोरासमोर.

आपली,
एक बोर्ड डिझायनर, पुणे