आप्पांच्या पेटीतलं गॅस्केट

सातारा,
रविवार, रात्री

प्रिय सुऱ्या,

तुझी पेटी एसटीच्या पार्सलमधून पोचली. दोर सोडला आणि आप्पांचा वास आला, ग्रीस आणि तंबाखूचा. वाडा पाडताना भंगारात जाणार होती ना? देवाची कृपा.

माझी एमजीए, ती जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार, चार महिने शेडमध्येच उभी होती. दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरला दमच नाही. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं झाकण (हेड) यांच्यामधलं पातळ पॅकिंग, मधेच फुटलेलं. बाहेरून मागवलेलं आलं ते हिच्या नंतरच्या मॉडेलचं, एमजीबीचं! तिचं इंजिन १७९८ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८० मिमीच्या वर. कपाळावर हात मारला.

कॉलेजात आप्पांच्या ॲम्बॅसेडरला तू डबडं म्हणायचास, आठवतं? त्या डबड्याचं १४८९ सीसीचं इंजिन आणि हिचं इंजिन एकाच घराण्यातलं, बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं बी-सिरीज. बोअर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) तेच: ७३.०२५ आणि ८८.९ मिमी. पेटीतलं ॲम्बॅसेडरचं कोरं गॅस्केट ब्लॉकवर ठेवलं तर स्टडांवरून अलगद खाली उतरलं. पाण्याची, तेलाची, पुशरॉडची, सगळी भोकं बरोबर. पेटीतले तिचे पिस्टन मात्र बाजूला ठेवले. एमजीएचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते ते, ८.३ ला १; ॲम्बॅसेडर टॅक्सीचं त्याहून कमी.

हेड एमआयडीसीत सरफेस करून आणलं. लेथवाला म्हणाला, "साहेब, हे तर टॅक्सीचंच की!" मी गप्प.

नट सगळे इंची. अर्ध्या इंचाच्या नटाला १३ मिमीचा पाना बसतो आणि कोपरे खाऊन टाकतो. दोन नट मी तसेच घालवले. आप्पांचे इंची पाने पेटीच्या तळाशी सापडले, दांड्याला सुतळी गुंडाळलेले. हेडचे नट मधून बाहेर असे तीन खेपांत आवळले, शेवटी टॉर्क रेंचवर ५० फूट-पाउंड.

टॅपेटला, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवायच्या बारीक फटीला (गॅप), आप्पांचा नवाचा हिशोब लावला. आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबला की पहिल्याचा गॅप, सहावा दाबला की तिसऱ्याचा, बेरीज नऊ. पवई नाक्यावर गाडी थांबवून ते जमिनीवर खडूने लिहून दाखवायचे, आणि आपलं लक्ष बसस्टॉपकडे! गॅप ०.०१७ इंच, तोही गरम इंजिनवर. बोटं भाजलीच.

आज पहाटे यवतेश्वरचा घाट चढवली. वळणावर दुसऱ्या गियरात टाकली आणि तिने ओढलं रे, सरळ ओढलं! पाण्याचा काटा जागचा हलला नाही. तेल थोडं गळतंय, पण ते तर आधीपासूनच.

पाचेकशे किलोमीटर झाले की नट पुन्हा तपासायचेत. दिवाळीला येशील तेव्हा ते तूच कर. पिस्टन घेऊन जा, पाने मात्र परत मागू नकोस.

तुझा,
बाळ्या