छावणीत गोष्टी सांगणाऱ्या अंगणवाडीताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेच्या महापुरात शिरोळ तालुक्यातील आमचे गाव पाण्याखाली गेले, तेव्हा निवारा छावणीत आमच्या मुलांना तुम्ही ज्या रीतीने सांभाळलेत, त्याबद्दल हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. धान्य, चादरी, औषधे आणणाऱ्यांचे आभार गावाने तेव्हाच मानले. तुमचे स्वतःचे घर पाण्यात असताना तुम्ही रोज संध्याकाळी मुलांना गोळा करून बसत होता, त्या कामाची नोंद मात्र कुठल्याच यादीत झाली नाही.

माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. बोटीत चढताना गोठ्यात मागे राहिलेले रेडकू त्याने पाहिले होते आणि छावणीत आल्यापासून त्याविषयी तो चकार शब्द काढत नव्हता. रात्री अंथरूण ओले करायचा, पत्र्यावर पाऊस वाजू लागला की कान झाकून घ्यायचा. भेटीला येणारी माणसे चांगल्या मनानेच ‘पाणी कुठपर्यंत आलं होतं रे बाळा?’ असे विचारत, आणि तो आणखीच मिटून जाई. तुम्ही त्याला पुराबद्दल एकदाही विचारले नाहीत. संकटातून आलेल्या माणसावर घडलेले सांगण्याची सक्ती करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ मधील मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे, हे मी पुष्कळ नंतर वाचले. तुम्ही ते आधीपासूनच पाळत होता.

तुम्ही चिऊ-काऊची गोष्ट काढलीत, तेव्हा आम्हा काही आयांच्या काळजात चर्र झाले. चिऊचे घर मेणाचे, काऊचे शेणाचे, पाऊस येतो आणि काऊचे घर वाहून जाते. ज्यांची घरे नुकतीच बुडाली त्या मुलांना हीच गोष्ट कशाला, असे वाटले. पण तुम्ही घर वाहून जाण्याचा भाग गाळला नाहीत की उरकला नाहीत. काऊ दार ठोठावतो आणि चिऊ आतून ‘थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते’ म्हणते, तिथे एक मुलगी उठून म्हणाली, ‘चिऊनं दार लगेच उघडायला पाहिजे होतं.’ गोष्ट अशी नाही, असे तुम्ही तिला सांगितले नाहीत. ‘बरं, उघडलं. मग?’ एवढेच विचारलेत. मग कोणी काऊला भाकरी दिली, कोणी कोरडे कपडे दिले आणि माझा मुलगा हळूच म्हणाला, ‘काऊचं रेडकू मागं राहिलं.’ तुम्ही माझ्याकडे पाहिले नाहीत, त्याला जवळ घेऊन समजूतही घातली नाहीत. ‘मग काऊनं काय केलं?’ असे अगदी सहज विचारलेत. काऊ उंच झाडावर बसून रेडकाची वाट बघतो, असे त्याने सांगितले. पुढे कधी ते रेडकू पोहत कोणाच्या तरी मळ्यात पोचायचे, कधी परत यायचेच नाही. तुम्ही दोन्ही शेवट तसेच राहू दिलेत, हे मला विशेष मोलाचे वाटते, कारण आमचे रेडकू खरोखरच परत आले नाही.

जे स्वतःच्या नावाने बोलता येत नाही ते काऊच्या नावाने बोलता येते, आणि बोटीत ज्याच्या हातात काहीच नव्हते त्याला गोष्टीत पुढे काय व्हावे ते ठरवता येते, एवढे तरी त्या मुलांकडे पाहून मला कळले. खेळाचेही तसेच झाले. ‘डोंगराला आग लागली, पळा पळा पळा’ खेळता खेळता मुलांनी ‘पंचगंगेला पूर आला, पळा पळा पळा’ सुरू केले, तेव्हा थोरली माणसे अभद्र बोलू नका म्हणून ओरडली. तुम्ही त्यांना हात जोडून थांबवलेत आणि प्रत्येक मुलाला आळीपाळीने राज्य घेऊन ‘थांबा’ म्हणू दिलेत. पुराचे पाणी कोणाच्या सांगण्याने थांबले नव्हते. इथे सहा वर्षांच्या पोराने हाक दिली की सगळा घोळका जागच्या जागी थांबत होता.

जी एक मुलगी खेळातही येत नव्हती आणि नीट जेवतही नव्हती, तिच्या आईवडिलांना समजावून तुम्ही तिला सरकारी दवाखान्यात समुपदेशकांकडे पाठवलेत. गोष्टीने भागणार नाही हे ओळखणे मला तितकेच मोठे वाटते.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तुम्ही ती छावणीत नेलीत. आपल्याकडे सेविकेचे काम वजन, उंची, पोषण आहार आणि रजिस्टरे यांवरून मोजले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

२०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी चढले. या वेळी जनावरे आम्ही आधीच हलवली होती. छावणीत माझ्या मुलाने लहानग्यांना गोळा करून चिऊ-काऊची गोष्ट सांगितली आणि त्याच्या गोष्टीत चिऊने पहिल्याच हाकेला दार उघडले.

पूरकाळात प्रत्येक छावणीत एका सेविकेला रजिस्टरांच्या कामातून मोकळे करून फक्त मुलांसाठी नेमावे, असा अर्ज आम्ही आया तहसील कार्यालयात देणार आहोत. त्यात तुमच्या कामाचा दाखला तुमच्या नावासह द्यावा, अशी आमची इच्छा आहे. तुमची संमती असल्यास कृपया कळवावे.

आपली कृतज्ञ,
शिरोळ तालुक्यातील एक आई