सुमतीचा एकच शब्द

नगर,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय सदानंद यास,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझ्या दोन पत्रांना मी उत्तर दिलेले नाही, आणि नाताळात आलेले तुझे कार्ड अजून ‘उपासना संगीता’च्या पानांत खूण म्हणून पडून आहे. वेळ मिळाला नाही असे लिहिले तर तू पुढचे वाचणार नाहीस, म्हणून ते लिहीत नाही. तुला खोटे लिहिणे मला कधी जमले नाही आणि खरे लिहिण्याचा धीर होत नव्हता, एवढेच. प्रकृतीचे विचारशील, तर माझी साखर आटोक्यात आहे, गुडघा आटोक्यात नाही, आणि दोहोंविषयी याहून अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

सुमतीला गेल्या वर्षी पावसाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला, हे थोरलीने तुला फोनवर सांगितले होते. त्यापुढचे तुला ठाऊक नाही. उजवा हात गेला, पाय थोडा सावरला, आणि वाचा गेली. डॉक्टर त्याला अफेजिया म्हणतात. तिला समजते सगळे, पण बोलायला गेले की शब्द सापडत नाही. लग्नाला छत्तीस वर्षे झाली, या बाईने एकदाही माझे नाव घेतले नाही, ‘अहो’ या एका हाकेवर सगळा संसार झाला, आणि आता ते ‘अहो’ही राहिले नाही. तिच्याजवळ एकच शब्द उरला आहे, आणि तो म्हणजे ‘नको’. चहा हवा असला तरी ती ‘नको’ म्हणते, उशी सरकवून हवी असली तरी ‘नको’ म्हणते, आणि नातू कुशीत शिरला की त्याच्या केसांतून डावा हात फिरवत ‘नको, नको’ असे इतक्या मायेने म्हणते की पोराला ते आपले लाडाचे नाव वाटू लागले आहे. आम्ही आता शब्द सोडून तिच्या डोळ्यांकडे पाहतो. पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन घरी आले, त्यांनी भाकर पुढे केली, तेव्हा सुमती स्वच्छ ‘नको’ म्हणाली आणि तिने तोंड उघडले. साहेब बिचारे हातात भाकर धरून माझ्याकडे पाहू लागले. नकार ऐकावा की उघडलेले तोंड पाहावे, हे त्यांना कोणी शिकवले नसावे. मी म्हणालो, “द्या साहेब, ती हो म्हणते आहे.” तू असतास तर आधी हसला असतास आणि नंतर त्यावर अर्धा तास बोलला असतास.

आता मुद्द्याचे सांगतो. जून महिन्यात एका संध्याकाळी घरच्या प्रार्थनेत मी रेव्हरंड ना. वा. टिळकांचे एक पद सुरू केले. माझा सूर तुला माहीत आहे. पेटीवाल्या भाऊंनी मला नाताळच्या गायनातून काढले तेव्हा सर्वांत मोठ्याने ‘आमेन’ तूच म्हणाला होतास, हे मी विसरलेलो नाही. दुसऱ्या ओळीवर सुमतीने सूर धरला. नुसता सूर नव्हे, शब्दांसकट. दहा महिने ‘नको’वाचून एक अक्षर न बोललेली बाई तीन कडवी सलग गायली, जोडाक्षरे अडखळली नाहीत, आणि मी मध्येच थांबलो तरी ती थांबली नाही. त्या दहा मिनिटांत मला जो आनंद झाला तसा आनंद मला लग्नात किंवा मुलांच्या जन्माच्या वेळीही झाल्याचे आठवत नाही. मी हुंदका देऊन रडलो. मग पुस्तक मिटले आणि विचारले, “सुमती, पाणी देऊ?” ती म्हणाली, “नको.” तिचे ओठ कोरडे पडले होते.

वाचोपचारासाठी जी मुलगी घरी येते, तिला मी दुसऱ्या दिवशी हे धावतच जाऊन सांगितले. तिला आनंद झाला, आश्चर्य मात्र वाटले नाही. तिने समजावून सांगितले की बहुतेक माणसांची बोलण्याची शक्ती मेंदूच्या डाव्या बाजूला असते, पाठ झालेले गाणे केवळ तिच्यावर अवलंबून नसते, आणि म्हणून वाचा गेलेली पुष्कळ माणसे गाऊ शकतात. १७४५ साली स्वीडनमध्ये अशाच एका माणसाची नोंद झाली आहे. त्याची उजवी बाजू लुळी पडली होती, बोलणे गेले होते, पण पूर्वी शिकलेली भक्तिगीते तो गात असे. हे ऐकून मला दिलासा वाटायला हवा होता की आपण एकटे नाही. खरे सांगतो, सदा, मला कोणीतरी खिशातून काही काढून घेतल्यासारखे वाटले. मी मनातल्या मनात एक चमत्कार जपून ठेवला होता, आणि त्याची नोंद अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीच झालेली निघाली.

तरीही पुढे जे घडले त्याला ती मुलगी जबाबदार नाही. सप्टेंबरात मंडळीत बाहेरगावचे एक वक्ते आले. त्यांचे नाव लिहीत नाही. त्यांचा अपराध माझ्याहून लहान आहे. सुमती गाते हे त्यांच्या कानावर गेले होते आणि तिने उपासनेत गावे असा त्यांचा आग्रह होता. मी हो म्हणालो. का म्हणालो, तर मला ते मिरवायचे होते. चाकांच्या खुर्चीत बसवून तिला पुढे नेले, पेटी लागली, आणि ती गायली. तिने वीस वर्षे ज्यांना शब्बाथ शाळेत शिकवले ती पोरे आता बापे झाली आहेत, ती डोळे पुसत होती. गाणे संपताच वक्ते उठले आणि म्हणाले की प्रभूने आज आपल्या सामर्थ्याने या भगिनीच्या जिभेचे बंध सोडले आहेत, उरलेले बरे होणे आता केवळ या घराच्या विश्वासावर आहे. मग त्यांनी माइक तिच्या तोंडापुढे धरून विचारले, “बाई, येशूने तुम्हाला बरे केले ना?”

सुमती म्हणाली, “नको.”

देवळात काय शांतता पसरली ते मी लिहू शकत नाही. आणि त्या शांततेत मी पुढे झालो, माइक हातात घेतला आणि म्हणालो, “होय, बरे केले. प्रभूची स्तुती असो.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. सदा, मी चाळीस वर्षे उपदेश करतो, शाळेत दहा आज्ञा पाठ करून घेतल्या आहेत, आणि मी भर उपासनेत, देवाच्या बाजूने म्हणून, खोटी साक्ष दिली. एका शब्दावर जगणाऱ्या बाईचा तो एक शब्दही मी तिच्या तोंडून काढून घेतला.

हे दुसऱ्या कोणाला सांगितले तर तो म्हणेल, जाऊ द्या, तुमचा हेतू चांगला होता. तू तसे म्हणणार नाहीस, कारण तू किल्लारीत होतास.

आपण त्याविषयी बत्तीस वर्षे सरळ बोललेलो नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची ती भूकंपाची पहाट, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून माणसे दमून निजलेली, आणि चारच्या सुमाराला मातीत रचलेल्या त्या रुंद दगडी भिंती आणि वरची माळवदे त्यांच्यावर बसली. आपण मदतीचा ट्रक घेऊन पोहोचलो तेव्हा तू एक गोष्ट माझ्याआधी पाहिलीस. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जोडून दगडी घरे बांधली होती ते गाडले गेले, आणि ज्यांना कुडाच्या झोपडीपलीकडे काही परवडले नव्हते त्यांतले पुष्कळ वाचले. सहाव्या दिवशी आपल्याबरोबरच्या त्या वडीलधाऱ्या उपदेशकांनी पत्र्याच्या आडोशाला प्रार्थना घेतली आणि म्हणाले की परमेश्वराने आपले सामर्थ्य दाखवले आहे, या मुलखाने आता तरी जागे व्हावे. तू उठलास. लूकचा तेरावा अध्याय उघडून शिलोहाच्या बुरुजाखाली सापडून मेलेल्या अठरा जणांची गोष्ट मोठ्याने वाचलीस, ते यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा अधिक दोषी होते काय या प्रश्नाला येशूने दिलेले उत्तर ‘नाही’ असे आहे हे दोनदा वाचलेस, आणि चालता झालास. दीक्षेचा अभ्यासही तू तिथेच सोडलास. त्या रात्री मी तुझ्यामागे येऊन काय बोललो ते तुला आठवत असेल: तुझा विश्वास कच्चा आहे, वडीलधाऱ्यांपुढे असे बोलू नये, लोकांना धीर हवा आहे, व्याकरण नको. मी उपदेशकांची बाजू घेतली होती. गेल्या महिन्यात तेच उपदेशक, वेगळ्या चेहऱ्याने, माझ्या बायकोपुढे माइक धरून उभे राहिले, आणि या खेपेलाही मी त्यांचीच बाजू घेतली.

त्या वक्त्यांनी पुढे पंडिता रमाबाईंचा दाखला दिला. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, नंतर भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती तोच पटकीने पती गेले, आणि तरी त्या आनंदाने सेवेत राहिल्या, वगैरे. (रमाबाईंचे केडगाव म्हणताच मला तुझी उत्तरपत्रिका आठवते, जिच्यात तू मुक्ती मिशन आपल्या नगरच्या केडगावात आणून ठेवले होतेस आणि मास्तरांनी शेरा लिहिला होता की बाईंना दौंडजवळ परत सोडून ये.) ते सगळे खरेच आहे. पण रमाबाईंच्या लेकीपाशी, मनोरमेपाशी, येऊन वक्त्यांची गोष्ट थांबली. २४ जुलै १९२१ ला लेक गेली, ५ एप्रिल १९२२ ला आई गेली, आणि मधले ते आठ-साडेआठ महिने बाई बायबलाच्या भाषांतराचे काम संपवत होत्या. त्या दिवसांत त्यांना आनंद होता की नव्हता हे आपण कोण ठरवणार? आम्ही मात्र त्यांचे दुःख पायरीसारखे वापरतो, वर चढून जाण्यासाठी.

ईयोबाचे पुस्तक मी या महिन्यात पुन्हा वाचले, आणि एक गोष्ट मला वाटेत हटकत राहिली. ते तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोपर्यंत त्यांचे सगळे नीट चालले होते. बोलायला लागले ते देवाच्या बाजूने, त्याच्या न्यायाचे आणि सामर्थ्याचे समर्थन करायला, आणि शेवटी देव रागावला तो त्यांच्यावर. ज्याने तोंडावर भांडण काढले तो ईयोब नीट बोलला, असे देवच म्हणतो. देवाला वकील नको असतो. मी मात्र न बोलावता वकीलपत्र दाखल केले.

तर देवाचे सामर्थ्य कुठे आहे, हा माझा प्रश्न आहे. गाण्यासाठी तिचे तोंड त्याने उघडले असे मी म्हटले, तर पाणी मागण्यापुरते ते कोणी बंद ठेवले, हेही मला सांगावे लागेल. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात पौलाने तीनदा विनवणी केली की शरीरातला काटा निघावा, आणि उत्तर आले, ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ मी हे वचन निदान पन्नास वेळा समजावून सांगितले असेल, आणि प्रत्येक वेळी ‘पुरे’ म्हणजे भरपूर असा सूर लावला. आपल्या भाषेत ‘पुरे’ आपण कधी म्हणतो? ताटावर हात आडवा धरून म्हणतो, किंवा आई पोराला म्हणते, पुरे आता, पुन्हा मागू नकोस. काटा तसाच राहिला, आणि पौल त्यावर समाधान मानून पुढे लिहू लागला. मला अजून ते जमलेले नाही. मी चौथ्यांदा मागतो आहे, चाळिसाव्यांदाही मागेन.

आणि तरी त्या जूनच्या संध्याकाळचा आनंद मला खोटा म्हणता येत नाही. हीच खरी अडचण आहे. तो खोटा निघाला असता तर मी तुला ‘तूच बरोबर होतास’ एवढे कार्ड पाठवून मोकळा झालो असतो. पौलाने तुरुंगातून फिलिप्पैकरांना लिहिले की ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’, ज्या वचनावरून तुझ्या वडिलांनी एवढ्या रडव्या पोराचे नाव सदानंद ठेवले; पण त्याच पत्रात दोन अध्याय आधी तो लिहितो की एपफ्रदीत मरणाला टेकला होता, देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झाले असते. म्हणजे आनंदाची आज्ञा करणाऱ्या या माणसाजवळ एक दुःख आधीच होते आणि दुसऱ्याचे त्याला भय वाटत होते, आणि त्याने ते लपवले नाही. मी लपवतो. सुमती गाते तेव्हा आनंद होतो, आणि गाणे संपून ‘नको’ आले की तिचाच राग येतो, एवढी कडवी म्हणतेस तर एकदा ‘अहो’ का म्हणत नाहीस म्हणून. हे मी पहिल्यांदाच कागदावर उतरवतो आहे.

त्या रविवारी घरी आल्यावर मी तिची क्षमा मागितली. ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली आणि मग हसू लागली, डाव्या गालाने, खांदे हलवत, पूर्वी तुझ्या नकला पाहून हसायची तशी. वक्त्यांचा चेहरा तिला आठवला असावा. मीही हसलो. येत्या रविवारी मंडळीपुढे उभा राहून जे खरे आहे ते सांगायचे असे मी पाळकसाहेबांना कळवले आहे. ते म्हणाले, विचार करा, लोकांचा विश्वास डळमळेल. हे वाक्य मी पूर्वी कुठे ऐकले आहे, किंबहुना कोणी उच्चारले आहे, ते तुला सांगायला नको. धैर्य टिकेल की नाही याची खात्री नाही. शक्य झाले तर शनिवारी ये आणि मागच्या बाकावर बस. उठून वाचायला लागू नकोस म्हणजे झाले.

मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले का? धाकटीचे नागपूरचे जमले असेल अशी आशा आहे. पेरू यंदा कसे लागले? वहिनींना सांग की लोणच्याची बरणी परत करायची राहिली आहे, हे माझ्या लक्षात आहे.

आताच सुमतीला विचारले, सदाला पत्र लिहितो आहे, तुझा सलाम कळवू का? ती म्हणाली, “नको.” म्हणून कळवतो.

तुझा,
बापू