रक्त वाढवायला डाळिंब आणता, मग पेरू का नाही?

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

गरोदर बाईचं हिमोग्लोबिन नऊच्या खाली निघालं, की संध्याकाळपर्यंत घरात बीट आणि डाळिंब हजर होतं. लाल खाल्लं की रक्त वाढतं, ही समजूत मी पारोळा तालुक्यात आरोग्य सेविका होते तोवर घरोघरी ऐकली, आणि आता निवृत्तीनंतर गल्लीत ऐकते. सासू कनवटीचे पैसे सोडते, डाळिंब सोलून दाणे वाटीत घालते आणि सून खाईपर्यंत समोरून उठत नाही. त्या मायेला मी नावं ठेवणार नाही. पण १०० ग्रॅम डाळिंबाच्या दाण्यांत लोह अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नसतं. बिटात त्याहून जरा जास्त, इतकंच. आणि त्याच घराच्या परसात पेरूचं झाड असतं, त्याचे निम्मे पेरू पोपट खातात, उरलेले शाळेत जाणारी पोरं.

पेरूतही लोह फारसं नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर उद्या कोणी मलाच धरेल. पेरूचं काम वेगळं आहे. लोह आपल्या ताटात असतंच. बाजरीत १०० ग्रॅममागे सहा मिलिग्रॅमच्या आसपास असतं, शिवाय मठ, चवळी, उडीद, पालेभाज्या. अडचण अशी की धान्य-कडधान्यातलं लोह शरीर सहजासहजी घेत नाही. त्याच धान्यातली फायटेट नावाची द्रव्यं त्याला धरून ठेवतात आणि बरंचसं लोह तसंच बाहेर पडतं. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असलं, तर लोह विरघळलेलं राहतं आणि आतड्यातून जास्त शोषलं जातं. दुपारी भाकरी आणि रात्री झोपताना पेरू, याचा लोहाला उपयोग नाही. फोडी भाकरीच्या ताटातच हव्यात.

आता क जीवनसत्त्वाचा हिशेब बघा. १०० ग्रॅम पेरूत ते २०० मिलिग्रॅमहून जास्त असतं. संत्र्यात पन्नासच्या आसपास, केळ्यात नऊ-दहा, आणि दवाखान्यात पेशंटला भेटायला जाताना आपण जे सफरचंद मानाने नेतो, त्यात पाच. (केळीवाल्यांनी रागावू नये, मीही जळगाव जिल्ह्याचीच आहे. केळ्याचे गुण वेगळे.) भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला दिवसाला ६५ मिलिग्रॅम लागतं. म्हणजे अर्धा पेरू पुरतो. आवळा पेरूच्याही पुढे आहे, पण कच्चे आवळे आवडीने खाणारी सून मला अजून भेटायची आहे.

साल काढू नये, क जीवनसत्त्व सालीत आणि सालीलगतच्या गरात जास्त असतं. नीट धुवायचा आणि कापला की लगेच खायचा. गूळ घालून केलेली पेरूची भाजी मलाही आवडते, पण शिजवताना क जीवनसत्त्व बरंच जातं, म्हणून या कामासाठी कच्च्या फोडी किंवा कोशिंबीर. आणि पेरू पिकलेला हवा. हिरवाकच्च, तुरट पेरूत टॅनिन हे तुरटपणा आणणारं द्रव्य असतं आणि ते उलट लोहालाच अडवतं.

टॅनिनवरून चहा आलाच. आमच्याकडे मजुरीला जाणारी बाई सकाळी रात्रीची भाकरी चहात कुस्करून खाते आणि शेताची वाट धरते. दुपारी बांधावर जेवण झालं की पुन्हा चहा. भाकरीतलं लोह तिथेच अडतं. चहा सोडा असं मी कधी सांगितलं नाही, कारण कोणी ऐकलं नसतं. जेवणानंतर तासभर थांबा, एवढंच सांगायची. तेही निम्म्या जणींनी ऐकलं.

पेरूचा आणखी एक उपयोग मला नोकरीत कळला. लोहाच्या गोळ्या बायका घेतात आणि चार दिवसांनी उकिरड्यावर टाकतात. का, तर शौचाला खडा होतो. पिकल्या पेरूत १०० ग्रॅममागे पाच ग्रॅमहून जास्त चोथा असतो, सफरचंदाच्या दुप्पट. अशा बाईला पेरू आणि भरपूर पाणी सुरू केलं, की बहुतेक वेळा गोळ्या सुरू राहायच्या.

अडवणूक व्हायची ती म्हाताऱ्यांकडून. मी फोड हातावर ठेवली, की बाजेवरून आवाज यायचा, ‘नको माय, पोरले खोकला व्हई जाई.’ बाळंतिणीला तर पेरू दाखवायचासुद्धा नाही. पेरू थंडीत येतो आणि सर्दी-खोकलाही थंडीतच येतो, म्हणून बिचाऱ्या पेरूवर आळ. पेरूने सर्दी होत नाही. पेरू खाल्ला म्हणून सर्दी होणारच नाही, असंही नाही. बी अपेंडिक्समध्ये अडकतं ही भीतीही तशीच. बिया न पचता निघून जातात.

मधुमेह असलेल्यांनी रस न काढता फोडी खाव्यात. पेरूत पोटॅशियम बरंच असतं, तेव्हा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. नंदुरबार जिल्ह्यात आणि साक्री-शिरपूरच्या आदिवासी पाड्यांवर रक्त कमी असण्यामागे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही असू शकतो. तिथे आधी तपासणी, मग बाकीचं. मनाने लोहाच्या गोळ्या देऊ नयेत. पोटात जंत असतील तर पेरू आणि भाकरी दोन्ही जंतांच्याच कामी येतात, म्हणून शाळेत मिळणारी जंतनाशक गोळी चुकवू नये.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आढळला. गोळ्या हव्यातच, पण ताटही बदलायला हवं. मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणारा, पेरू दिवाळीनंतर बाजारात येतो. गेल्या थंडीत आमच्या आठवडे बाजारात सफरचंद दीडशेच्या पुढे होतं, तेव्हा सरदार जातीचा साधा पेरू चाळीस रुपये किलो होता. फोमच्या जाळीत येणारा मोठा पेरू महाग पडतो, त्याची गरज नाही.

शाळेत मुलांना फळ द्यायचं ठरलं की आमच्याकडे केळंच ठरलेलं असतं, तेही खिचडीच्या आधी किंवा शाळा सुटताना. शाळा व्यवस्थापन समित्यांनी आणि आश्रमशाळांनी डिसेंबर ते फेब्रुवारीत आठवड्यातून दोनदा तरी पेरूच्या फोडी द्याव्यात, आणि त्या खिचडीच्या ताटातच वाढाव्यात. कापणाऱ्या ताईंना मिठाची पुडी आणि एक धारदार विळी लागेल, बाकी काही नाही.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका,
ता. पारोळा, जि. जळगाव