थकलेल्या भाड्याचा शेवटचा हप्ता मिळाल्यावर

सांगली

आदरणीय वकीलताई,
स. न. वि. वि.

माजी भाडेकरूकडील थकबाकीचा शेवटचा हप्ता गेल्या आठवड्यात माझ्या हाती आला, म्हणून हे जाहीर आभारपत्र लिहीत आहे.

विजयनगरच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मी आले, तेव्हा वकिलाची फी परवडणार नाही म्हणून अजिजी करायची, एवढेच मनाशी ठरवले होते. स्त्रियांना मिळकत कितीही असली तरी मोफत विधी सेवेचा हक्क १९८७ च्या कायद्यानेच दिला आहे, हे तिथे समजले आणि माझे प्रकरण तुमच्याकडे सोपवले गेले. वसुलीची तीन वर्षांची मुदत भाडेकरूने घर सोडल्यापासून धरायची, अशी माझी समजूत होती. ती प्रत्येक महिन्याचे भाडे देय झाल्यापासून वेगवेगळी मोजतात आणि माझ्या पहिल्या थकीत महिन्याला जेमतेम दीड महिना उरला आहे, हे तुम्ही माझी भाड्याच्या हिशेबाची वही पाहताच सांगितलेत.

त्या वहीवर तुम्ही घेतलेले कष्ट मी विसरणार नाही. रंगकाम आणि वीजबिल यांच्या पावत्या नव्हत्या, म्हणून त्या रकमा तुम्ही मागणीतून काढायला लावल्यात, आणि चौदा महिन्यांच्या ९१,००० रुपयांतून माझ्याकडील २०,००० रुपयांची अनामत वजा करून दावा ७१,००० रुपयांचाच लावलात. (अनामतीचा विषय मी स्वतःहून काढला नव्हता, हे कबूल करते.) अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार संपल्यावर तो मी नव्याने केला नव्हता. करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असते, आणि तो नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरतात. याचाच आधार घेऊन भाडे ४,००० रुपयांवर आणले होते, असे माझ्या भाडेकरूने कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, लिहिले. तेव्हा करार संपल्यानंतरही त्यांनी पाच महिने बँकेतून दरमहा ६,५०० रुपयेच भरल्याच्या नोंदी तुम्ही माझ्या पासबुकातून शोधून काढल्यात, आणि उलटतपासणीत त्यांना त्या नाकारता आल्या नाहीत.

माझ्या बाजूने न्यायालयाचा हुकूमनामा झाला तरी पैसे येईनात, तेव्हा मी खचले होते. तुम्ही लगेच दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करून कुपवाडच्या कारखान्यातील त्यांच्या पगारावर जप्ती आणलीत. पगारातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्त करता येत नाहीत, त्यामुळे त्यांच्या २२,००० रुपयांतून महिन्याला ७,००० रुपये न्यायालयात जमा होत गेले. त्यांचा संसार चालू राहिला याचेही मला बरे वाटते.

प्राधिकरणाच्या कामाचे पक्षकाराकडून काही घ्यायचे नसते, असे सांगून तुम्ही भडंगाचा पुडासुद्धा परत केलात. आता वरच्या दोन खोल्यांसाठी नवे कुटुंब येत आहे. त्यांच्या कराराचा मसुदा नोंदणीपूर्वी तुमच्या नजरेखालून जावा, अशी विनंती आहे. हे काम माझे खासगी आहे, तेव्हा या वेळी फी घ्यावी लागेल.

आपली कृतज्ञ,
एक घरमालकीण