पदवी समकक्ष, पण नोंदणीचे काय?

महोदय,

माझी मुलगी ऐरोलीत आयटी कंपनीत नोकरी करते. पुढेमागे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (रुग्णांवर मानसोपचार करणारी मानसशास्त्रज्ञ) व्हायचे या इराद्याने तिने २०२३ मध्ये एका विद्यापीठाच्या ऑनलाइन एम. ए. मानसशास्त्राला प्रवेश घेतला. या पदवीवर व्यवसायासाठी लागणारी नोंदणी होईल का, असे आम्ही फोनवर आवर्जून विचारले होते. ‘यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्यता आहे, मग काळजी कसली?’ असे उत्तर मिळाले आणि, खरे सांगायचे तर, आम्हीही तेवढ्यावर विसंबलो.

उत्तर खोटे नव्हते, अपुरे होते. मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष धरावी, असे यूजीसीचे २०२० चे विनियम सांगतात आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने त्याची पुन्हा आठवणही करून दिली. मात्र पदवीची समकक्षता ठरवणारा आयोग वेगळा आणि व्यवसायाची नोंदणी करणारी परिषद वेगळी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषद करते आणि तिला तिनेच मान्य केलेला, रुग्णांसमोर बसून शिकलेला अभ्यासक्रम लागतो. ही अट गैर आहे, असे मी मुळीच म्हणणार नाही.

नर्सिंग किंवा फार्मसीत अशी गफलत सहसा होत नाही, कारण हे अभ्यासक्रम ऑनलाइन चालवायला परवानगीच नाही. फसगत होते ती मधल्या, म्हणजे ऑनलाइन पदवी मिळू शकणाऱ्या पण व्यवसायाला नोंदणी लागणाऱ्या विषयांत. मानसशास्त्र, पोषणशास्त्र यांसारखे विषय यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणातून वगळले. त्याने नवे प्रवेश थांबले, आधी शिकून बाहेर पडलेले होते तिथेच राहिले. असे पूर्वीही घडले आहे. पत्राद्वारे, म्हणजे दूरस्थ शिक्षणातून मिळवलेल्या अभियांत्रिकी पदव्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल नोव्हेंबर २०१७ मध्ये आला, तेव्हा २००१ ते २००५ दरम्यान प्रवेश घेतलेल्यांना नोकरीत मुरल्यावर पुन्हा परीक्षेला बसण्याची वेळ आली होती.

अमेरिकेत परवान्याशी निगडित अभ्यासक्रम कोणत्या राज्याच्या अटींत बसतो, हे जाहीर करण्याचे बंधन जुलै २०२० पासून महाविद्यालयांवर आहे. आपल्याकडे ‘नोंदणीच्या अटींची खातरजमा विद्यार्थ्याने स्वतः करावी’ हे वाक्य माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असते. निदान आमच्या प्रतीत तरी ते तिथेच सापडले, तेही शुल्काची पावती हातात पडल्यावर. या पदवीवर कोणती परिषद नोंदणी देते आणि कोणती देत नाही, हे प्रवेश अर्जाच्या पहिल्याच पानावर, शुल्काच्या आकड्याशेजारी, मराठीतून छापणे यूजीसीने सक्तीचे करावे.

— एक पालक, नौपाडा, ठाणे